जिवंत पेशींतील स्वयंचलित दरवाजे

पुणें जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या ऐन कण्याला लागून, भोर आणि वेल्हे हे दोन मावळी तालुके आहेत. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. वेल्हे तालुक्याला आतां राजगड हें नांव मिळालें आहे. तोरणा आणि राजगड या किल्ल्यांमुळें हा मुलूख इतिहासांत गाजला. परंतु पाटबंधाऱ्यांच्या नकाशावर त्याचें महत्त्व वेगळ्याच कारणानें आहे. आषाढ-श्रावणांत या डोंगरांवर पाऊस अखंड कोसळतो, आणि नीरा, वेळवंडी, कानंदी, आंबी, मोसे या नद्या तें पाणी पूर्वेकडील कोरड्या मुलखाकडे घेऊन निघतात. त्यांना अडविण्यासाठीं भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगांव अशीं धरणें येथें उभीं आहेत.

यांपैकीं भाटघरचें धरण जुनें. वेळवंडीवर तेथें पहिलें धरण झालें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आजचें मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव त्याला देण्यांत आलें होतें. त्याच्या जलाशयाला आतां शिवकालीन वीर येसाजी कंक यांचें नांव आहे. नीरेच्या दोन्ही कालव्यांखालील उसाचे मळे या पाण्यावर पोसले जातात. हा जलाशय एकदां काठोकाठ भरला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. डोंगरांत पाऊस कधीं मुसळधार पडतो, कधीं उघडीप देतो. येणाऱ्या पाण्याचें मान तासातासाला बदलतें. पण जलाशयाची पातळी मात्र जागची फारशी हलत नाहीं. पाहणाऱ्याला वाटतें, पाणी निवांत आहे. वास्तविक तें निवांत नसतें. वरून जितकें येतें तितकें दरवाजांतून खालीं जात असतें, आणि किती जावें याचा हिशेब क्षणोक्षणीं होत असतो. येथील स्थिरता ही विश्रांति नव्हे. तें अखंड चाललेलें काम आहे.

नेमकी हीच गोष्ट प्रत्येक जिवंत पेशीची आहे. इंजिनियरांचें नियंत्रणशास्त्र आणि गणितज्ञांचें गतिशील प्रणालींचें शास्त्र, म्हणजे काळाबरोबर बदलणाऱ्या व्यवस्थांचें गणित, हीं दोन्ही शास्त्रें पेशीच्या अभ्यासांत शिरलीं तीं या साम्यामुळें. धरणाच्या दरवाजाला जे प्रश्न विचारावे लागतात, तेच पेशीलाहि विचारावे लागतात, आणि त्यांच्या उत्तरांवर कांहीं रोगांची चिकित्साहि अवलंबून आहे.

प्रथम दरवाजा घेऊं. भाटघरच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे आहेत. अशा दरवाजांची रचना तत्त्वतः फार साधी असते. दरवाजाला साखळीनें जोडलेलें एक जड वजन हौदांत लोंबत असतें, आणि त्याच्या ओढीनें दरवाजा बंद राहतो. तलावाचें पाणी ठराविक खुणेच्या वर चढलें कीं तें हौदांत शिरतें. पाण्यांत बुडालेली वस्तु हलकी होते हा आर्किमिडीजचा नियम. त्याप्रमाणें तें वजन हलकें होतें, त्याची ओढ कमी पडते, दरवाजा सरकतो आणि पाण्याला वाट मिळते. पातळी उतरली म्हणजे हौद रिकामा होतो, वजन पुन्हां जड होतें आणि दरवाजा बंद होतो. रात्रीं-अपरात्रीं धरणावर धांवत जाण्याची कोणाला गरज उरत नाहीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकलेले आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागलेले इंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं आपल्या कल्पनेचे असे दरवाजे प्रथम बसविले ते १९०३ सालीं खडकवासल्याच्या तलावावर, म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरांतून उतरणारें पाणी जेथें येऊन पोंचतें तेथेंच.

या रचनेचें मर्म असें कीं परिणामाची खबर कारणाकडे परत जाते. पातळी हा परिणाम. दरवाजाची उघडझांप हें त्याचें कारण. आणि पातळीच दरवाजाला हलविते. या परतीच्या वाटेला इंग्रजींत फीडबॅक म्हणतात. मराठींत तिला प्रत्याभरण म्हणतां येईल. पातळी वाढली असतां ती कमी करणारी कृति घडते, म्हणून हें ऋण प्रत्याभरण. जेम्स वॉट यानें वाफेच्या एंजिनाची गति आवरण्यासाठीं १७८८ च्या सुमारास जो फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला, त्याचेंहि तत्त्व हेंच. असे नियामक कधीं एंजिन स्थिर ठेवतात, तर कधीं उलट त्याला गचके देऊं लागतात. असें कां होतें याचें गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६८ सालीं मांडलें. पुढें १९४८ मध्यें नॉर्बर्ट वीनर यांनीं 'सायबरनेटिक्स' हा ग्रंथ लिहून यंत्र आणि प्राणी या दोहोंना एकच नियंत्रणविचार लागू पडतो असें प्रतिपादन केलें. परंतु पेशीच्या आंत दरवाजा कोठें आहे आणि वजन कोठें आहे, हें तेव्हां कोणालाच दाखवितां येत नव्हतें.

तें दाखविलें फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं, १९६१ सालीं. त्यांचा प्राणी म्हणजे माणसाच्या आंतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें पांचशेव्या भागाइतकी. पण एवढ्याशा देहांत सुमारें ४,३०० जनुकें असतात. प्रत्येक जनुक म्हणजे एखादें प्रथिन बनविण्याची लिहून ठेवलेली कृति. हीं सारीं प्रथिनें एकदम बनवीत बसणें जंतूला परवडत नाहीं. दुधांतील साखर पचविणारीं प्रथिनें दूध आल्यावरच कामाचीं. जाकोब-मोनो यांनीं दाखविलें तें असें कीं त्या जनुकांच्या तोंडाशीं एक रोधक प्रथिन बसलेलें असतें आणि तें कृतीचें वाचन होऊं देत नाहीं. दुधांतील साखर आंत आली कीं तिच्यापासून बनलेला एक पदार्थ रोधकाला चिकटतो, रोधकाचा आकार बदलतो, त्याची पकड सुटते आणि कृति वाचली जाऊं लागते. साखर संपली कीं रोधक पुन्हां जागेवर बसतो. पेशींत चौकीदार नाहीं, पण दरवाजा आहे. आणि ज्याच्यासाठीं तो उघडावयाचा, त्याच वस्तूच्या स्पर्शानें तो उघडतो. या कामाबद्दल दोघांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, १९६५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मग या दरवाजाचें गणित मांडतां येऊं लागलें. पेशींतील एखाद्या प्रथिनाचा सांठा म्हणजे एक तलावच. नवें प्रथिन बनणें ही त्याची आवक. जुनें मोडणें किंवा पेशी वाढतांना विरळ होणें ही जावक. समजा, मिनिटाला १० कण बनतात आणि असलेल्या सांठ्याचा दहावा हिस्सा दर मिनिटाला नाहींसा होतो. सांठा १०० झाला म्हणजे आवक आणि जावक सारखी होईल आणि तो तेथेंच ठरेल. सांठा १२० झाला तर जावक १२ होऊन तो खालीं येईल; ८० झाला तर जावक ८ होऊन तो वर चढेल. अशा जागेला स्थिर समतोल म्हणतात.

पण या साध्या व्यवस्थेंत एक मोठें वैगुण्य आहे. शून्यापासून निघून ५० पर्यंतची निम्मी वाट चालण्यास तिला सुमारें सात मिनिटें लागतात, आणि आवक दुप्पट केली तरी हा वेळ कमी होत नाहीं. कारण मग गांठावयाचें ठिकाणहि २०० होऊन दूर जातें, आणि त्याची निम्मी वाट गांठण्यास पुन्हां सातच मिनिटें लागतात. वेळ ठरतो तो जावकीच्या वेगावरून. यावर पेशीनें काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. आवक मिनिटाला २० ठेवावयाची, आणि सांठा १०० च्या जवळ येतांच त्या प्रथिनानें स्वतःच आपल्या जनुकाच्या तोंडाशीं बसून आवक तोडावयाची. आतां ५० ची मजल तीन मिनिटांच्या आंत गांठली जाते. हें केवळ कागदावरचें गणित नव्हे. रोझेनफेल्ड, एलोविट्झ व आलोन यांनीं २००२ सालीं जंतूमध्यें प्रयोग करून या जलद प्रतिसादाची प्रचीति घेतली. त्यापूर्वीं दोन वर्षें बेचकई व सेरानो यांनीं दुसरा लाभ दाखविला होता: स्वतःला आवरणारें जनुक असलेल्या पेशींमध्यें प्रथिनाचा सांठा पेशीपेशींत कमी बदलतो. ई. कोलायमधील ज्ञात नियामक प्रथिनांपैकीं सुमारें चाळीस टक्के प्रथिनें अशीं स्वतःवर रोध ठेवणारीं आहेत. ज्यानें दुसऱ्यांना आवरावयाचें त्यानें आधीं स्वतःला आवरावें, हा धडा जंतूला उत्क्रांतीनें फार पूर्वींच दिलेला दिसतो.

येथें दरवाजाविषयीं दुसरा प्रश्न उभा राहतो. वर वर्णन केलेला दरवाजा पातळी तंतोतंत खुणेवर ठेवूं शकतो काय? बारकाईनें पाहिलें तर नाहीं. मोठा पूर चालूं असतां दरवाजा पुष्कळ उघडा राहिला पाहिजे. आणि तो उघडा राहण्यासाठीं पाणी खुणेच्या थोडें वरच राहिलें पाहिजे. पूर जितका मोठा तितकी ही शिल्लक चूक मोठी. ती नाहींशी करावयाची तर निराळ्या तऱ्हेचा नियामक लागतो. कल्पना करावी कीं धरणावर एक राखणदार आहे, आणि पाणी खुणेच्या वर असेल तोंपर्यंत तो दर तासाला दरवाजा एक दांता अधिक उघडतो. चूक लहान असो कीं मोठी, ती शून्य झाल्याखेरीज त्याचा हात थांबत नाहीं. आणि शून्य झाल्यावर दरवाजा जेथें आहे तेथेंच राहतो. हा राखणदार चुकांची बेरीज मनांत ठेवतो; वाण्याच्या वहींत मागील बाकी पुढें ओढली जाते, तशी. नियंत्रणशास्त्रांत याला संकलनात्मक प्रत्याभरण म्हणतात.

असा राखणदार जंतूच्या अंगीं आहे. ई. कोलाय जंतु पाण्यांत कांहीं वेळ सरळ पोहतो, मग गिरकी घेऊन दिशा बदलतो. भोंवतीं अन्नाचा अंश वाढला कीं त्याच्या गिरक्या कमी होतात आणि तो अन्नाच्या दिशेनें अधिक वेळ सरळ जातो. पण अन्नाचें मान वाढून तेथेंच स्थिर राहिलें, तर कांहीं मिनिटांत गिरक्यांचें प्रमाण पूर्वीइतकेंच, अगदीं तंतोतंत, होतें. जंतु नव्या मानाला सरावतो, म्हणजे पुढील फरक ओळखण्यास मोकळा होतो. बारकाई व लाइब्लर यांनीं १९९७ सालीं दाखविलें कीं हा नेमकेपणा प्रथिनांच्या कमीअधिक प्रमाणावर अवलंबून नसून तो रचनेंतच आहे. आणि २००० सालीं यी, हुआंग, सायमन व डॉइल यांनीं ती रचना म्हणजे संकलनात्मक प्रत्याभरणच होय हें सिद्ध केलें. जंतूच्या संवेदक प्रथिनांवर बारीक रासायनिक खुणा चढत-उतरत असतात; त्या खुणा म्हणजे राखणदाराची वही. इंजिनियरांनीं जें कारखान्यांसाठीं शोधून काढलें, तें जंतु कोट्यवधि वर्षें वापरीत होता.

तिसरा प्रश्न विलंबाचा. न्हाणीघरांत गरम पाण्याचा नळ बंबापासून लांब असला म्हणजे काय होतें हें सर्वांना ठाऊक आहे. पाणी गार लागतें म्हणून नळ अधिक सोडावा, तर क्षणभरानें चटका बसतो; घाईनें आवळावा, तर पुन्हां गारठा. चूक हाताची नसते; खबर उशिरां येते आणि हात घाई करतो. खबर जितकी उशिरां आणि हात जितका जोरकस, तितकें हेलकावणें अधिक. मॅक्सवेल यांच्या काळच्या एंजिनांना गचके बसत ते याच जातीचे. पेशींतहि हा विलंब अटळ आहे, कारण जनुक वाचलें जाऊन प्रथिन तयार होईपर्यंत वेळ जातोच. मात्र जें यंत्रांत दोष ठरतें तें जीवसृष्टींत पुष्कळदां उपयोगास येतें. तीन जनुकें अशीं जोडलीं कीं पहिलें दुसऱ्याला रोधील, दुसरें तिसऱ्याला आणि तिसरें पहिल्याला, तर कोणालाच स्वस्थ बसतां येणार नाहीं, हें भाकित गणितानें आधीं केलें. आणि एलोविट्झ व लाइब्लर यांनीं जानेवारी २००० मध्यें तसें वर्तुळ जंतूंत बांधून दाखविलें. ते जंतु सुमारें अडीच तासांच्या तालावर हिरवे उजळत आणि मावळत. माणसाला रात्रीं झोंप आणि पहाटे जाग आणणारें देहांतील घड्याळहि याच तत्त्वावर चालतें. तें प्रथम उलगडलें फळांवर बसणाऱ्या माशींत: एक प्रथिन सांचत सांचत, तासांच्या विलंबानें, आपल्याच जनुकाला रोधतें, तें झिजलें कीं जनुक पुन्हां मोकळें होतें, आणि हा फेरा दिवस-रात्रींत एकदां पुरा होतो. हॉल, रॉसबाश व यंग यांना या शोधाबद्दल २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतांपर्यंतचें प्रत्याभरण ऋण होतें. त्याचें दुसरें रूप धन, म्हणजे वाढीनें वाढच होणारें. त्याचा स्वभाव समजून घेण्यास भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट उपयोगी पडेल. घाटमाथ्यावर वीतभर अंतरानें पडलेले पावसाचे दोन थेंब अगदीं निरनिराळ्या गतीला जातात. पूर्वेकडे कललेला नीरेंतून भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत आणि तेथून बंगालच्या उपसागराला. पश्चिमेकडे कललेला सावित्रींतून अरबी समुद्राला. माथ्यावरचा फरक वीतभर, शेवटचा शेंकडों कोसांचा; आणि एकदां उतरणीला लागलेला थेंब माथा ओलांडून परत येत नाहीं. गतिशील प्रणालींचें शास्त्र पेशीची स्थिति अशाच डोंगराळ मुलखावर मांडतें. दऱ्या म्हणजे स्थिर अवस्था, आणि माथा म्हणजे त्यांमधील सीमा. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यांत जनुकें तींच. पण त्या निरनिराळ्या दऱ्यांत उतरल्या आहेत. कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानें १९५७ मध्यें हें चित्र रेखाटलें, तेव्हां तें केवळ रूपक होतें. २००० सालीं गार्डनर, कँटर व कॉलिन्स यांनीं परस्परांना रोधणारीं दोन जनुकें जंतूंत घालून अशा दोन दऱ्या प्रत्यक्ष तयार केल्या. क्षणभर रसायनाचा धक्का दिला कीं जंतु एका दरींतून दुसरींत जात, आणि रसायन काढून घेतल्यावरहि तेथेंच राहत. गणितानें हेंहि आधींच सांगितलें होतें कीं रोध दुबळा असेल किंवा प्रतिसाद पुरेसा तीव्र नसेल, तर दोन दऱ्या मिळून एकच होईल.

या विषयाचा एक धागा महाराष्ट्रांतहि विणला गेला आहे. दुधांतील साखर फुटली कीं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन साखरा होतात. पाव फुगविणारें यीस्ट ग्लुकोज मिळत असेपर्यंत गॅलॅक्टोजकडे ढुंकून पाहत नाहीं. तें संपलें आणि गॅलॅक्टोज समोर असलें, म्हणजेच गॅलॅक्टोज पचविणारीं जनुकें उघडतात. येथें तीन प्रथिनांचा खेळ आहे: गॅल-४ हें जनुकें उघडणारें, गॅल-८० हें त्याला धरून ठेवणारें, आणि गॅल-३ हें गॅलॅक्टोज ओळखून गॅल-८० ची पकड सोडविणारें. मौज अशी कीं धरून ठेवणारा आणि सोडविणारा या दोघांचींहि जनुकें गॅल-४ च्याच ताब्यांत आहेत. म्हणजे ऋण आणि धन हे दोन्ही फेरे एकाच वेळीं चालूं असतात. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत पैके जयदेव भट आणि के. व्ही. वेंकटेश यांनीं या जाळ्याचा आनुवंशिकी आणि गणित या दोन्ही अंगांनीं अभ्यास केला. भट यांचा या एकाच जाळ्यावरील इंग्रजी ग्रंथ २००८ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंत २००५ सालीं झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं ज्या यीस्टनें पूर्वीं गॅलॅक्टोज पाहिलें आहे आणि ज्यानें पाहिलेलें नाहीं, तीं दोन्ही एकाच द्रावणांत ठेवलीं तरी निराळीं वागतात. धन प्रत्याभरणामुळें पेशीला पूर्वस्थितीची आठवण राहते, ती अशी.

चौथा आणि सर्वांत कठोर प्रश्न आवाक्याचा. कोणताहि दरवाजा पुरा उघडल्यावर आणखी उघडूं शकत नाहीं. वेल्हे तालुक्यांतील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, तेव्हां त्याचें काम पुरें झालेलें नव्हतें. त्याचा लोंढा खालच्या खडकवासल्याच्या धरणाला पेलला नाहीं. तेंहि फुटलें आणि पुण्याचे नदीकांठचे भाग वाहून गेले. आवाक्याच्या आंत नियामक पातळी इतकी स्थिर ठेवतो कीं संकटाची चाहूलहि लागूं नये. आवाका संपतांच पातळी एकाएकीं उसळते.

शहरी घरांतून आज सर्रास आढळणाऱ्या मधुमेहाचा एक प्रकार याच रीतीनें येतो. रक्तांतील साखर वाढली कीं स्वादुपिंडांतील पेशी इन्शुलिन सोडतात, आणि त्याच्या आज्ञेनें स्नायु व इतर भाग ती साखर उचलतात. हे भाग आज्ञेला मंद प्रतिसाद देऊं लागले, तर स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडून भरपाई करतें. ही भरपाई वर्षानुवर्षें चालूं शकते. त्या काळांत उपाशीपोटीं तपासलेली साखर ठीक दिसते, जसा भर पुरांत जलाशय निवांत दिसतो. पण दरवाजे एकामागून एक उघडे पडलेले असतात. शेवटीं त्या पेशी थकतात आणि साखर चढूं लागते. रोग त्या दिवशीं सुरू झालेला नसतो. त्या दिवशीं तो फक्त आंकड्यांत उतरतो. म्हणूनच उपाशीपोटींच्या तपासणीबरोबर डॉक्टर कधीं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं साखर पाहतात. नियंत्रणशास्त्राच्या भाषेंत हा मुद्दाम धक्का देऊन प्रतिसाद पाहण्याचा प्रयोग आहे. पातळी काय आहे यापेक्षां ती पूर्वस्थितीवर कशी येते, यावरून नियामकाची प्रकृति अधिक कळते.

प्रत्याभरणाकडे दुर्लक्ष केल्यास उत्तम औषधहि कसें वायां जातें, याचें उदाहरण कर्करोगाच्या उपचारांत घडलें. बी-रॅफ नांवाच्या प्रथिनांत एक विशिष्ट बिघाड झाला म्हणजे पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळूं लागतो. हा बिघाड त्वचेच्या मेलॅनोमा नांवाच्या कर्करोगांत पुष्कळांना असतो आणि मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत कांहींना. बी-रॅफला अडविणाऱ्या औषधाला अमेरिकेंत २०११ सालीं मान्यता मिळाली. मेलॅनोमाच्या सुमारें निम्म्या रुग्णांत गांठी आकसल्या. पण आंतड्याच्या कर्करोगांत, बिघाड तोच आणि औषध तेंच असूनहि, गुण आला तो अगदीं थोड्यांना. २०१२ सालीं ॲम्स्टरडॅम येथील रेने बर्नार्ड्स यांच्या प्रयोगशाळेनें याचा उलगडा केला. त्या निबंधाचे पहिले लेखक अनिरुद्ध प्रल्हाद हे होते. वाढीचा हुकूम वाहणारी साखळी जेव्हां जोरांत चालूं असते, तेव्हां ती वरच्या बाजूच्या ईजीएफआर नांवाच्या संवेदकावर स्वतःच ब्रेक लावते. औषधानें साखळी मंदावली कीं तो ब्रेकहि सुटतो. संवेदक जागा होतो आणि दुसऱ्या वाटेनें वाढीचा हुकूम पुन्हां सुरू करतो. मेलॅनोमाच्या पेशींत हा संवेदक फारच थोडा असल्यामुळें तेथें ही पळवाट नव्हती. उपाय मग रचनेंतूनच निघाला: बी-रॅफ आणि संवेदक या दोहोंना एकदम अडवावयाचें. अशा जोड-उपचाराला अमेरिकेंत २०२० सालीं मान्यता मिळाली. एक दरवाजा आवळला असतां पाणी कोणत्या दरवाजानें वाट काढील, हें आधीं पाहिलें पाहिजे, एवढाच याचा अर्थ. पण तो अर्थ जाळें समजल्याखेरीज लागत नाहीं.

या साम्याला अर्थात् मर्यादा आहेत. धरणाचा आराखडा कचेरींत ठेवलेला असतो. पेशीचा आराखडा कोणी काढलेलाच नाहीं. उत्क्रांतीनें जुन्यावर नवें रचीत जें जाळें विणलें, तें मागून एकेक दुवा उकलीत वाचावें लागतें. कोणता दुवा किती जोराचा आणि किती विलंबाचा, हे आंकडे पुष्कळदां हातीं नसतात. धरणांत पाण्याचे कण अगणित. पेशींत एखाद्या नियामक प्रथिनाचे कण मोजके दहा-वीस असूं शकतात, आणि मग योगायोगाला मोठी सत्ता प्राप्त होते. म्हणून गणितानें पेशीचें भविष्य वर्तविलें आणि तें तसेंच घडलें, असें दरवेळीं होत नाहीं. परंतु भाकित चुकलें म्हणजेहि कांहीं लाभ होतोच. कोणता दुवा नजरेआड राहिला, हें त्या चुकीवरून शोधतां येतें.

या शास्त्राची मुख्य शिकवण अशी कीं, स्थिर आंकडा पाहून समाधान मानूं नये. तो स्थिर राखण्यासाठीं कोण किती राबत आहे, त्याला खबर किती वेळानें पोंचते, चूक बाकी राहते कीं फिटते, आणि त्याच्या हातीं आणखी किती दरवाजे शिल्लक आहेत, हें विचारावें. धरणावरचा जाणता इंजिनियर भर पावसाळ्यांत केवळ पातळीची पट्टी पाहून घरीं जात नाहीं. तो दरवाजेहि मोजतो. पेशीच्या आणि देहाच्या बाबतींत तेंच करावयास वैद्यकशास्त्र आतां शिकत आहे.